डांगे चौकातला फ्लेक्स

पप्पा, जय भीम.

सुट्टीचे दोन दिवस पॅरिस बघायला आलेय. तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय.

आयफेल टॉवरसमोरचा फोटो काल घरी पाठवला, तर आज तो डांगे चौकात फ्लेक्सवर! सोनूदादानं कळवलं. मधोमध गॉगल लावून तुम्ही, शेजारी दोन्ही काका, अख्खं मित्रमंडळ आणि कोपऱ्यात मी. वर काय, तर ‘बापाचं स्वप्न साकार’!

मला परदेशी शिकायला पाठवायचं नाही म्हणून घर कुणी डोक्यावर घेतलं होतं? माझ्यासाठी आई भांडली. ती फ्लेक्सवर कुठेच नाही.

कार्ड पोचेल तेव्हा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल. तिला वाचायचा ताण नको. तुम्हीच वाचून दाखवा. मोठ्यानं.

आईची,
आम्रपाली