बाबांच्या खेळीपुढची प्रश्नचिन्हं

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. आम्ही ठीक. आईचा खोकला उतरलाय, तुझ्या भाचीचा पुढचा दात पडला. झाली ख्यालीखुशाली. आता भांडते. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.

बाबांचा माझ्याशी झालेला बुद्धिबळाचा शेवटचा डाव मी तुला लिहून पाठवला तो आठवण म्हणून. तू तो कॉम्प्युटरला तपासायला दिलास! वर तपासलेला डाव क्लबच्या स्मरणिकेला पाठवून मोकळा! आज सेक्रेटरींनी कच्चं पान माझ्या हातात ठेवलं. एकतिसाव्या खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचूक, आणि खाली तुझी टीप: ‘इथे सरळ मात होती. आजारपणात बाबांची नजर गेली होती.’ वाचून डोक्यात तिडीक गेली. अख्ख्या क्लबला ज्याने खेळायला शिकवलं, त्याच्या नावापुढे तू हे छापणार?

मग मीही क्लबच्या कॉम्प्युटरवर बसले. त्यातल्या चाली तपासणाऱ्या इंजिनने सुचवलेली पहिली चाल खेळून पाहिली, मग दुसरी, तिसरी. प्रत्येक वाटेने शेवटापर्यंत गेले. सगळीकडे माझा राजा चार-पाच खेळींत गारद. बाबांनी हत्ती मागे घेतला, ती चाल त्याच्या यादीत पार तळाला. इंजिनचं बरोबरच आहे रे, त्याला डाव जिंकायचा असतो.

पण त्या खोलीत इंजिन नव्हतं, आणि तूही नव्हतास. बाबा उशीला टेकून बसलेले. पटाकडे बघून गालातल्या गालात हसले. “ठमाबाई, राजा उघडा पडला की तुमचा!” वजिराची मात मलाही दिसली. आणि त्यांनी हत्ती मागे घेतला.

मी चिडले. “बाबा, दया नकोय मला.”

“दया कसली? डाव संपला की तुम्ही मला आडवं करता. दादा संध्याकाळच्या गाडीने येतोय, तोवर मला बसायचंय.”

कळलं? डॉक्टरांनी बजावलं होतं, एक डाव आणि मग झोप. म्हणून ते डाव लांबवत होते. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. मीही मग मुद्दाम रेंगाळत खेळले. दिवे लागले आणि तुझा फोन आला, “मीटिंग लांबली, रविवारी येतो.” बाबा “बरं” म्हणाले आणि भराभर खेळून हरले. रविवार त्यांनी पाहिला नाही.

हे तुला सांगायचं नव्हतं. आईने शपथ घातली होती. पण त्यांच्या वाट बघण्याला तू घोडचूक म्हणालास, आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

पान अजून छापायला गेलेलं नाही. पत्र मिळताच सेक्रेटरींना फोन कर, टीप आणि ती प्रश्नचिन्हं काढायला लाव. डाव जसा झाला तसा छापू दे. चूक कुणाची झाली ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, तेवढं पुरे.

रागाने लाल, तरी तुझीच,
ठमी