डोराच्या दारची वाट

कॅल्युमेट, मिशिगन
९ डिसेंबर

ती. सौ. इरमाताईस,
वेर्नरचा शि. सा. न. पाठ वाकते तेवढाच साष्टांग, बाकीचा मनोमन समजून घे.

फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस. पण ताई, कानात यंत्र घातलं की फोन शिट्ट्या मारतो आणि काढलं की तुझा आवाज येत नाही. पत्रच बरं. शिवाय पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही.

मोठा ट्रक अखेर गेला. सांगाडा खालून इतका गंजला होता की गॅरेजवाल्याने नुसत्या हाताने एक तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या जागी मधल्या आकाराची पिकअप घेतली आणि तिच्या तोंडाला बर्फ लोटायचा हलका फाळ बसवला. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्या जुन्या ट्रकात चढायचं म्हणजे रोज छपरावर चढल्यासारखं व्हायचं. हिच्यात नुसतं बसता येतं. पेट्रोल पंपावरची मंडळी मात्र सोडत नाहीत. आज चमचा आणलास की डाव, असं विचारतात.

हसू देत. पण ही गाडी मला झोपू देत नाही हे खरं. पूर्वी वादळ ओसरेपर्यंत मी पडून राहायचो आणि मग एकदाच सगळं रेटून द्यायचो. हिच्या अंगात तेवढा जोर नाही. वीतभर साचलं की निघायचं, लोटायचं, घरी यायचं; बूट काढावेत तर पुन्हा वीतभर. फाळाच्या वजनाने नाक खाली जातं म्हणून मागच्या हौद्यात वाळूच्या गोण्या टाकल्यात. फाळ उचलून जरा लांब गेलं की इंजिनाला वारा मिळत नाही, काटा वर चढतो. मग रस्त्याकडेला थांबायचं. ती निवते, मी धापा टाकतो. एक गुण मात्र आहे, अरुंद जागेत ती झटकन वळते.

यंदा लोटायला तीनच वाटा घेतल्या आहेत. माझी, चर्चची आणि तुझ्या वर्गमैत्रिणीची, डोरा स्टिमॅकची. तिने तुला कळवलं नसणार, म्हणून मीच सांगतो. तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला व्हॅन येते आणि ती थेट दारापर्यंत यावी लागते, कारण डोराला रस्त्यापर्यंत चालवत नाही. जन्मभर याच रस्त्यांवर शाळेची बस चालवली या बाईने. आता मागच्या सीटवर बसून केल्विनला, त्या ड्रायव्हरला, वळणं कशी घ्यायची ते शिकवते.

लेनर्डभाऊजींचा श्वास कसा आहे? माया आहे ती राहू दे, रागही थोडा राहिला तरी चालेल.
तुझा,
वेर्नर


ट्यूसॉन, ॲरिझोना
१८ डिसेंबर

चि. वेर्नर यास,
अनेक उ. आ.

डोराचं वाचलं आणि पत्र हातातच राहिलं. नाताळचं कार्ड आलं तिचं. त्यात तिच्या मांजराची सगळी हकिगत, आणि हे एका अक्षराने नाही. मी तिला चांगली झापणार आहे. पण आधी रडून घेते.

इकडे दिवस ऑक्सिजनच्या नळीच्या लांबीचे झालेत. लेनर्ड जिथवर नळी जाते तिथवर जातात, आणि मी त्यांच्या मागे. रात्री यंत्र गुरगुरतं. ऊन भरपूर आहे, त्याबद्दल तक्रार केली तर लोक वेड्यात काढतील.

तुझं ते खेळणं बघितलं, तू पाठवलेल्या फोटोत. फाळाच्या मागून गाडी शोधावी लागली. पण वेर्नर, अंगात जोर नाही म्हणून थोडं थोडं पुन्हा पुन्हा करायचं, हे मला कुणी समजावायला नको. मी इथे दुसरं काय करते? गरम सूप पीत जा. वेलचीच्या पावाची कृती पाठवते, नुसत्या बिस्किटांवर दिवस काढू नकोस.

आपल्यातलं हे जाणं-येणं कागदावर का होईना चालू ठेव.
तुझी,
इरमाताई


कॅल्युमेट
२४ जानेवारी

ती. इरमाताईस,
शि. सा. न.

आज क्षेमकुशल लिहीत नाही, सरळ मुद्द्यावर येतो.

महिनाभर सरोवरावरून बर्फ येतोच आहे. वाटांच्या दोन्ही बाजूंचे ढीग माझ्या डोक्यावर गेले. लोटलेला बर्फ ठेवायचा कुठे हाच प्रश्न. काउंटीचा ट्रक मुख्य रस्ता साफ करून जातो आणि जाताना प्रत्येक वाटेच्या तोंडाशी गोठलेल्या ढेकळांची भिंत लावून जातो. माझी गाडी तिला धडकते आणि मागे सरकते. मग मी उतरून फावड्याने ती फोडतो. मी दमलो आहे ताई. झोपून जात नाही अशी दमणूक आहे.

परवा डोराची वाट लोटली तेव्हा ती दारात उभी होती. तिने आत बोलावलं, कॉफी दिली, आणि म्हणाली की आता माझी वाट करत जाऊ नकोस. मला वाटलं दुसऱ्या कुणाला सांगितलंय, माझ्या चमच्याला कंटाळली. तसं नव्हतं. म्हणाली, प्रत्येक वेळी ते यंत्र मला पिळून परत पाठवतं, दुसरा दिवस झोपण्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा व्हॅन. हृदयही आता साथ देत नाही. डॉक्टरांशी सगळं बोलून झालंय, थांबवलंस तर फार दिवस नाहीत हेही त्यांनी तिला स्पष्ट सांगितलंय. मला पुरे झालं म्हणाली.

मी म्हटलं, मग व्हॅनला नको म्हणून सांग, वाटेने काय केलंय? तर म्हणाली की मारिसाला कसं सांगू. मुलगी मिलवॉकीहून रोज फोन करते, गेलीस का विचारते. नाही गेले म्हटलं तर आभाळ कोसळेल. पण बर्फामुळे वाट बंद होती म्हटलं तर बिचारी काय बोलणार? एकदा चुकलं, दोनदा चुकलं, आणि तेवढ्यात आपोआप होऊन जाईल.

माझी कॉफी तशीच राहिली. काल पुन्हा साचलं. मी तिच्या वाटेपाशी आलो, फाळ खाली घेतला, आणि वळलो नाही. सरळ पुढे गेलो. चर्चची वाट करून परत येताना पाहतो तर व्हॅन रस्त्यावर उभी, आणि केल्विन मांडीभर बर्फातून डोराच्या दाराकडे चाललेला. गुडघ्यांवर पडत होता, उठत होता. त्याला वाटलं बाई आत पडलीबिडली असेल. मी लगेच वळलो आणि त्याच्या मागोमाग वाट लोटत गेलो. डोरा त्याला पाहून इतकी ओशाळली की मुकाट्याने कोट घालून व्हॅनमध्ये बसली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

उद्या पुन्हा पडणार म्हणतात. मी वाट केली तर तिचं ऐकलं नाही असं होतं. नाही केली तर तिला मी मारलं असं होतं. तू तिला माझ्याहून जास्त ओळखतेस. काय करू ते लिही, लवकर लिही.
वेर्नर


ट्यूसॉन
२९ जानेवारी

चि. वेर्नर,
आशीर्वाद आहेतच.

वाट कर. माझं पत्र पोचेपर्यंत करत असशीलच, तुला मी ओळखते.

पण का करायची ते नीट समजून घे. ती डायलिसिसला जावी म्हणून नाही. जायचं की नाही हे तिचं आहे. त्यात तू नाहीस, मी नाही, मारिसाही नाही. लेनर्डनी परवा मला सांगितलं की पुढच्या वेळी हॉस्पिटल नको. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर येऊन बरं म्हटलं. म्हणजे मला यातलं कळत नाही असं समजू नकोस.

पण बर्फाला पुढे करून पोरीला फसवायचं, हे चालणार नाही. आई गेल्यावर त्या मुलीला आयुष्यभर वाटेल की त्या दिवशी कुणी वाट केली असती तर. आणि तो कुणी म्हणजे तू. हे डोराच्या लक्षात आलेलं नाही, कारण दमलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही. नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणावं, मोकळ्या वाटेवर उभं राहून म्हणावं. हेच मी तिला आज फोनवर सांगणार आहे, याहून वाईट शब्दांत. बारा पोरं मागे बसून ओरडत असताना जी बाई घाटात बस मागे घ्यायची, तिला मुलीशी खरं बोलायची भीती वाटते? शोभतं का?

तू वाट कर आणि घरी ये. तिच्या उत्तराचं ओझं तुझ्या हौद्यात घेऊ नकोस, तिथे आधीच वाळू आहे.

जपून राहा, आणि माझ्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
इरमाताई


कॅल्युमेट
२२ फेब्रुवारी

ती. इरमाताईस,
शि. सा. न.

मारिसाच्या फोनवरून तुला कळलंच आहे. तरी नीट सांगायचं राहिलं होतं.

तू काय बोललीस तिला कोण जाणे. मी तेव्हा तिथेच होतो, चुलीपाशी हात शेकत. आधी ती तुझ्यावर ओरडत होती, आणि मग दोघी इतका वेळ हसलात की मी बाहेर जाऊन पायऱ्या झाडल्या. फोन ठेवून मला म्हणाली, तुझी बहीण पहिल्यापासून अशीच आगाऊ. आणि लगेच मारिसाला फोन लावला.

मारिसा निघाली ती नेमकी मोठ्या वादळात. त्या दिवशी मी डोराची वाट सोडली नाही. साचू दिलं असतं तर या गाडीला ते झेपलंच नसतं. म्हणून जसं पडत होतं तसं लोटत राहिलो. दुपारी काटा चढला, खालून जळकट वास यायला लागला. बंद करून बसलो. डोराने खिडकीतून मांस-बटाटे भरलेली पेस्टी दाखवली, मी नको म्हटलं, तर स्वतः कोट घालून दारापर्यंत आली आणि मला बस चालवायच्या आवाजात आत बोलावलं. खाल्ली, पुन्हा निघालो. मोठी गाडी मागवावी म्हटलं तर ढिगांमध्ये तिला वळायला जागाच नव्हती. अंधार पडायच्या आत काउंटीच्या ट्रकच्या मागोमाग मारिसाची गाडी आली आणि मी नुकत्याच केलेल्या वाटेने सरळ दाराशी गेली. मी फाळ उचलून बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी आत गेलो तर दोघींचे डोळे सुजलेले. मारिसा मला म्हणाली की मी खूप भांडले, आईने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, तू मला न्यायला आलीस की भेटायला? व्हॅन आली तेव्हा डोराने स्वतः दारात उभं राहून केल्विनला सांगितलं की आजपासून येऊ नकोस. त्याने टोपी काढली. ती म्हणाली, टोपी घाल, गारठशील, आणि ते वळण अजून लवकर घेतोस.

मग माणसं येत राहिली. तिच्या बसमधून शाळेत गेलेली, आता टक्कल पडलेली पोरं. नर्स रोज यायची. चर्चच्या बायका भांडीच्या भांडी आणत होत्या. इतक्या गाड्या की मला ढीग मागे रेटून आणखी जागा करावी लागली. बर्फ काही थांबला नाही. मी करत राहिलो. दमत होतो, पण पूर्वीसारखं नाही.

गेली ती सकाळी, मारिसाने पडदा सरकवला तेव्हा. त्रास झाला नाही असं नर्स म्हणाली. शववाहिका लांबलचक आणि ठेंगणी असते ताई, तिला जरासा बर्फही चालत नाही. ती वाट मी जमिनीपर्यंत खरवडली, फाळाखाली खडी वाजेपर्यंत.

परवा पुन्हा वीतभर पडलं. चर्चची वाट करून येताना हात आपोआप वळला आणि मी डोराच्या वाटेत शिरलो. अर्ध्यावर लक्षात आलं. थांबलो. खिडकीत मारिसा होती. ती बाहेर आली, काचेवर टकटक केली, म्हणाली की आता नका करू, आई नाही. मी म्हटलं, तू आहेस ना. तुला दूध आणायला जायला नको का? ती बाजूला झाली आणि मी उरलेली वाट केली.

माती मे महिन्यात होईल, गोठलेली जमीन मऊ पडल्यावर; तोवर तिला दफनभूमीच्या थंड खोलीत ठेवलंय. तेव्हा तुला येता आलं तर ये; लेनर्डभाऊजींना ठेवून येणं जमलं नाही, तर कुणी काही म्हणणार नाही. दफनभूमीचा रस्ता तेव्हा मोकळा असेल. कुणाला तो मोकळा करावा लागणार नाही.

आज पडत नाहीये. झोपतो.

दोघांवरही तुमची माया असू दे, माझ्यावर आणि या गाडीवर.
तुझा,
वेर्नर