मोशीतली चौघांची वेणी

३ जानेवारी, शनिवार
सोसायटीच्या स्नेहसंमेलनात दहा मिनिटं मिळवली! सव्वीस तारखेला मोशीत प्रथमच कॉन्ट्रा डान्स. समोरासमोर दोन रांगा, आणि प्रत्येक फेरीला जोडपी सरकून नव्या जोडप्यासमोर येतात. कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं तेव्हा दर शनिवारी जायचो. तिथे अनोळखी बायकांचे हात धरून नाचताना सारखी माझी बायको, आम्रपाली, आठवायची. हे तिला सांगितलं. तिने वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकला. एकदा तिच्यासोबत नाचायचंच. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे, पण कमिटीला ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं कळवलंय.

६ जानेवारी
नवी स्टेप ठरली. वेणी. चौघांनी एकमेकांच्या खांद्यालगत गुंफत जायचं. नियम असा की नवी स्टेप शिकवताना बाकीचा नाच सोपा घ्यावा. तसा एक आहे: टाळी, गिरकी, वेणी. आम्रपालीला तोच आवडला. मी फेटाळला. चाकणला रोबोट चालवणाऱ्या माणसांना टाळ्या काय वाजवायला लावायच्या? अवघडातला निवडला. त्यात वेणी दोनदा, दुसऱ्यांदा उलटी.

११ जानेवारी, रविवार
क्लबहाउसमध्ये प्रॅक्टिस. उत्तम. उलट्या वेणीत परवीनभाभी लिफ्टपर्यंत गेल्या. त्यांचे मिस्टर इब्राहिमभाई गॅरेजवाले, त्यांनी रिव्हर्स गिअरची गरज काय असं विचारलं. शंका विचारतात म्हणजे इंटरेस्ट आहे.

१८ जानेवारी, सकाळी
गणराज आणि ज्योतीराम पार्किंगवरून वर्षभर बोलत नाहीत. दोघांना सपत्नीक रांगेच्या दोन टोकांना उभं करणार. भेटच नको. कंपनीच्या क्वालिटी विभागातला माणूस असा विचार करतो. आम्रपाली म्हणाली, सरकत सरकत दोघं मध्यात येतील ना? मी म्हटलं, शिकवतंय कोण?

त्याच दिवशी, दुपारी
मध्यात आले. नेमके उलट्या वेणीत. ज्योतीराम खांदा न सरकवता म्हणाला, “भाऊ, तुमची गाडी आमच्या खांबाला का असती?” गणराज म्हणाला, “खांब काय तुमच्या आजोबांचा हाय?” गाणं चालू राहिलं, नाच नाही. कमिटीच्या सुमनताईंनी माझी दहा मिनिटं काढून आम्रपालीला दिली. मला एकमताने पार्किंगची व्यवस्था.

२१ जानेवारी
आम्रपाली तोच टाळी-गिरकीवाला नाच घेणार आहे. प्रॅक्टिसही ठेवली नाही. आयत्या वेळी उभं राहायचं म्हणे. मी सल्ला देऊ केला. ती चहा ठेवायला गेली. फजिती होणार, आणि मला धावून जावं लागणार. तयार आहे.

२६ जानेवारी
सकाळपासून गेटवर. शिट्टी चांगली आहे. अकराच्या सुमारास आम्रपाली स्वतः खाली आली. “रांगेत तुझी जागा ठेवलीय. चल.” ऐकून इतका आनंद झाला की लगेच निघणं बरं दिसेना. म्हटलं, दोन गाड्या लावून येतो. तिने अजून एकदा म्हणावं एवढीच अपेक्षा होती. ती “बरं” म्हणून गेली.

गाड्या लावल्या. मग तिसरीही लावली. वर पोचलो तर खुर्च्या उचलत होते. माझ्या जागी परवीनभाभी नाचल्या. गणराज आणि ज्योतीरामही एकाच वेणीत होते म्हणे. आम्रपाली घामाघूम होऊन हसत उभी होती. फार सुंदर दिसत होती, आणि मला फार वाईट वाटलं. विचारलं, एवढं पटकन शिकवलंस कसं?

“शिकवलंच नाही कुणाला,” म्हणाली. “हात धरले आणि नाचलो.”

घरी जाताना लिफ्टमध्ये तिचा हात धरायचं ठरवलं. सातवा मजला लवकर आला.