चतुःसीमा नसलेली मिळकत

मी, बनूबाई हिरामण भोपी, वय ६७, धंदा कोंबडीपालन, राहणार वांगणी, उल्हासनगरच्या इस्पितळातल्या खाटेवर बसून हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. अंगात ताप आहे तो पायाच्या जखमेचा, डोके ठिकाणावर आहे. उद्या माझा डावा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत, म्हणून आजच लिहवून घेते. वकील मिलिंद यांनी काही वाक्ये गाळायला सुचवले. मी एकही गाळू दिले नाही.

१. वांगणीचे राहते घर, स्वकष्टार्जित, मुलगा राजू याला. त्यात वाद नाही.

२. घरामागची कोंबड्यांची शेड व तिच्याखालची जागा मुलगी किर्ती, राहणार कात्रप, हिला. राजू शेड आपलीच धरून चालला आहे. त्याने खाद्याच्या एजंटाशी परस्पर बोलणीही केली, की धडधाकट पिल्लांना रोज औषधाची पावडर चारायची, म्हणजे वजन लवकर भरते. मी नाही म्हटले तर म्हणतो, "आई, सगळेच घालतात. तू एकटी काय जगाला सुधारणार?" जगाचे मला ठाऊक नाही. माझ्या शेडमध्ये ते चालणार नाही. कोंबडी आजारी पडली तर जनावरांच्या डॉक्टरला विचारून औषध द्यावे, वजनासाठी देऊ नये. किर्तीने ही अट मोडली तर शेड पाडून तिथे भेंडी लावावी.

३. कपाटावरचा बिस्किटांचा डबा राजूला. त्यात त्याच्याच गोळ्यांची अर्धी पाकिटे आहेत. ताप उतरला की याच्या गोळ्या बंद, आणि उरलेल्या माझ्या नातीला, पायलला, सर्दी झाली की. सर्दीवर त्या गोळ्या चालत नाहीत हे डॉक्टरांनी सांगूनही त्याच्या डोक्यात शिरत नाही. राजू वाईट नाही, उतावळा आहे. डबा उल्हास नदीत रिकामा करू नये. चिठ्ठी न बघता गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्या अनीशच्या काउंटरवर, चार गिऱ्हाइकांदेखत, नेऊन ठेवावा. पायलमध्ये माझा जीव अडकला आहे. तिच्यावर हे प्रयोग पुन्हा झाले तर मेल्यावरही मी पिच्छा सोडणार नाही.

४. शेवटची मिळकत माझ्या पायात आहे. शेडमधला पत्रा लागला, त्यात साखरेचा आजार, जखम चिघळली. पू तपासला तर एकही औषध लागू पडेना. डॉक्टर राजसी म्हणाल्या, "मावशी, हा जंतू औषधांना सरावलाय."

मी म्हटले, "मी पावडर घातली नाही, कोर्स अर्धा सोडला नाही. मग माझ्याकडे कशाला आला?"

"तो आता कोणाकडेही जातो. उगाच चारलेल्या औषधांनी, अर्ध्या सोडलेल्या गोळ्यांनी, औषध कारखान्यांनी नाल्यात सोडलेल्या पाण्याने असे जंतू वाढतात. इथले परदेशात जातात, तिथले इथे येतात. साधी बाळंतपणं, साधी ऑपरेशनंसुद्धा त्यांच्यामुळे अवघड होत चाललीत."

मला राग आला, तो अजून आहे. ही मिळकत स्वकष्टार्जित नाही, वडिलोपार्जित नाही. ती सामाईक आहे आणि तिला चतुःसीमा नाहीत. हक्कसोड लिहून देतो म्हणणाऱ्यालाही हिस्सा मिळतोच. वकिलांना विचारले, त्यांच्याकडे यावर कलम नाही. म्हणून मी वाटणी करत नाही. फक्त आज संध्याकाळी पट्टी बदलताना राजूने समोर उभे राहावे, तोंड न फिरवता, आणि आपला हिस्सा बघून घ्यावा.

५. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. मी शुद्धीवर आले तर शेड माझीच आहे. पावडरीची पोती दारात उतरली तर ती परत धाडायला आणि कोंबड्यांना सकाळचे दाणे घालायला मी एका पायावर तयार आहे.

सही: बनूबाई हिरामण भोपी

साक्षीदार:
१. डॉ. राजसी कर्णिक. (रुग्ण पूर्ण शुद्धीत. सही माझ्यासमोर केली.)
२. गंगू शिवराम घरत, शेजारच्या खाटेवरील रुग्णाची बहीण.

स्थळ: उल्हासनगर
दिनांक: १४ जुलै २०२५