ऑगस्टमधला गीझर

उम्म अल कुवैन, यूएई

प्रिय शोभना,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. हात थोडा पोळलाय, पण ते विशेष नाही.

नव्या खोलीत गीझर बंद असूनही थंड नळाला कढत पाणी येत होतं. मी स्वतः खोलून निदान केलं, व्हॉल्व्ह गेलाय. बोलावलेला मेकॅनिक म्हणाला, "सर, आपको तो सब मालूम है," आणि नव्या व्हॉल्व्हचे साडेआठशे दिरहम सांगितले. आपले वीस हजार, शोभना! गणपतीच्या तिकिटाचे पैसे काढायलाही निघालो होतो.

तेवढ्यात शेजारच्या, वसईच्या मॉलीताई डोकावल्या. "अहो, गच्चीवरची टाकी उन्हात तापते. उन्हाळ्यात इथे सगळे गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याचा नळ सोडतात. गीझरची टाकी घरात सावलीला असते, तिच्यात पाणी निवतं."

तो नळ मी एकदाही उघडला नव्हता. उघडला, तर गार पाणी. मेकॅनिक "खलास" म्हणत पेटी उचलून गेला.

मी अजून सुन्न आहे. पण तिकीट वाचलं, गणपतीला येतोय.

वैभवीचा खोकला थांबला का? आपला गीझर अजून गळतोय? कोणाला हात लावू देऊ नकोस, मी आल्यावर बघतो. निघण्याआधी मॉलीताईंना विचारून घेतो.

तुझाच,
विश्राम