देखभाल खर्च : शून्य

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण तो मागतील असे दोन पुरुष माझ्या नात्यात आहेत.

१. राहतं घर वडिलांनी बांधून घेऊन माझ्या नावे केलेलं असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. घराच्या दर्शनी भिंतीचा डावा अर्धा भाग गिलाव्याचा आणि उजवा लाकडी फळ्यांचा आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात. हे हौसेने केलेलं नाही. माझे यजमान गवंडी, माझा धाकटा भाऊ सुतार. घर बांधताना स्वस्त काय पडतं यावर दोघांचं जमेना, म्हणून प्रत्येकाने अर्धी भिंत घेतली. तीस वर्षांनी हिशेब करायचा आणि हरणाऱ्याची अर्धी भिंत उतरवून जिंकणाऱ्यासारखी करायची, असं ठरलं. पुढच्या वर्षी तीस पूर्ण होतात.

२. सदर हिशेबाची रंगीत तालीम दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात, मी वाढत असताना, होते. यजमान म्हणतात, "गिलाव्याला रुपया लागला तिथे फळ्यांना पावणेदोन." भाऊ म्हणतो, "दाजी, आधी जास्त गेले, कबूल. पण नंतर एक पैसा तरी लागला का, सांगा." दोघांच्याही कागदावर देखभाल खर्चापुढे शून्य आहे. दोघेही आपापल्या कामात कसलेले, तरी ते शून्य दोघांनाही खरं वाटतं.

३. आता खरं लिहिते. गिलाव्याला पहिल्याच वर्षी भेग गेली. रविवारी भाऊ येऊन टर उडवणार, म्हणून शनिवारी हे कामावर गेल्यावर मी ती पुट्टीने बुजवून वर रंग मारला. त्याच महिन्यात फळ्या पांढुरक्या पडू लागल्या. भावाचं उतरलेलं तोंड मला बघवलं नसतं, म्हणून त्यांना जवसाचं तेल लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे दर वर्षी तेच. "मेहुण्याचं लाकूड अजून वास मारतं," असं हे म्हणायचे, तेव्हा मी ताटात भाजी वाढायचे.

४. तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात घसरून पडले, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मी शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. दोघेही दवाखान्यात माझ्या उशाशी बसून न्हाणीघराच्या फरशीवरून भांडले. तेव्हापासून शिडी बंद आहे. गिलाव्याला भेगा दिसतात, फळ्या काळवंडल्या आहेत. यजमान म्हणतात, "हवामान बदललंय." भाऊही तेच म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं. आधी हे सगळं कोण करत होतं, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

५. घर मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. तो बापासारखाच घराकडे फक्त समोरून बघतो. माझ्या नखांतला रंग तिने लग्नानंतर आठवडाभरात हेरला. विचारलं काही नाही. "आई, पुढच्या वेळी हाक मारा, मी शिडी धरते," एवढंच म्हणाली, आणि दर वर्षी धरली. मी पडले तेव्हा ती माहेरी होती आणि मला धीर नव्हता. तिने स्वतःला दोष देऊ नये.

६. यजमानांनी या घरात हयातभर राहावं. अट अशी की फळ्यांना दर वर्षी तेल त्यांनी स्वतः लावायचं आणि गिलाव्याच्या भेगा भावाने बुजवायच्या. रविवारचं जेवण चालू राहील, ते दोघांनी रांधावं. कोणाचीही अर्धी भिंत उतरवायची नाही. शिडी दोघांना मिळून देते. एकाने चढावं, दुसऱ्याने धरावी आणि धरणाऱ्याने तोंड बंद ठेवावं.

७. दोघांच्या कागदांवरचं शून्य खोडून तिथे माझं नाव लिहावं. नुसतं नाव. आडनाव एक भावाचं आहे, एक नवऱ्याचं. कोणतं लिहायचं यावर पुन्हा तीस वर्षं जातील.

हे पत्र माझ्यामागे पहिल्या रविवारी, दोघं पानावर बसल्यावर, सुनेने वाचून दाखवावं.

साक्षीदार :
१. रंगाच्या दुकानाचे मालक. पुट्टी आणि तेल कोण नेत होतं, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारलं नाही. (सही)
२. हाडांचे डॉक्टर. मी कुठून पडले, हे त्यांनी विचारलं होतं. (सही)

लिहून ठेवणार : (सही, नुसत्या नावाची)
ठिकाण : स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : अकरा, शनिवार. घरात कोणी नसताना.