मी म्हणे सोडून गेले!

४ जुलै १९३८, सोमवार

मेल्याने टँगो लिहिलाय माझ्यावर! अख्खं ब्यूनोस आयर्स गातंय. पाव आणायला गेले तर पाववाला तेच गुणगुणत होता. गाण्यातली बाई निळी शाल पांघरून पैसेवाल्याच्या गाडीतून निघून जाते, आणि तो बिचारा दारात रडत उभा. बिचारा! एवारिस्तो, बॅग भरून बोटीनं नदीपार माँटेव्हिडिओला पळालास तू. दारात उभी होते ती मी. आणि निळी शाल माझ्याकडे होती तरी कधी? खोटारडा!

६ जुलै

त्याच्याबरोबर संसार माझाच झाला, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. शेजारची असुंताबाई कपडे वाळत घालता घालता म्हणते, "देल्मीरा, कोण गं तो गाडीवाला? आम्हाला नाही कधी दाखवलास!" सगळं अंगण खिदळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. धुणं तसंच टाकून वर आले.

७ जुलै

कहर झाला! बोनफांती मास्तर — त्यांच्या वाद्यवृंदाबरोबर मी रेडिओवर गाते — म्हणतात, पुढच्या शुक्रवारी हाच टँगो, आणि गायचा तूच. म्हटलं, मास्तर, त्यातल्या शिव्या मला आहेत. तर म्हणे, "म्हणून तर लोक कान टवकारतील!"

आमच्याकडे रीतच तशी. टँगोत रडायचं पुरुषानं. बाईनं गायला तरी पुरुष होऊनच गायचा, शब्द बदलायचे नाहीत. म्हणजे मी एवारिस्तो व्हायचं आणि देल्मीराला बेइमान म्हणायचं! नाही गायले तर? "तर एर्मेलिंदा गाईल. आणि मग कायम तीच." पोटावरच पाय देतायत.

९ जुलै

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. असुंताबाईनं मक्याच्या रश्शाचा वाडगा पाठवला. परत पाठवणार होते. खाल्ला.

१२ जुलै

शेवटचं कडवं लिहून काढलं. माझं!

१५ जुलै, शुक्रवार

गायले. आधीची कडवी मुकाट्यानं, त्याचीच. शेवटचं माझं — बॅग त्यानं भरली, बोटीत तो चढला, तापानं फणफणलेली बाई मागं टाकून गेला. बांदोनिओनची पेटी वाजवणारा क्षणभर गडबडला, मग साथ धरली त्यानं. मास्तर लालबुंद! बाहेर आल्या आल्या ओरडले, "घरी बस आता, उद्यापासून येऊ नकोस!"

बसेन! पण ऐकलं ना सगळ्यांनी? पाववाल्यानं, असुंताबाईनं, त्या एर्मेलिंदानंसुद्धा. कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

१७ जुलै

एवारिस्तो आला होता. रेडिओवर ऐकलं म्हणे. केस पिकलेत. अंगणातच म्हणाला, "ते तुझ्यावर नव्हतं गं. माझी आई निघून गेली होती तशी, निळी शाल पांघरून. मी सहा वर्षांचा होतो. पण आईला बेइमान म्हणणारा टँगो या शहरात कोण गाईल? म्हणून गाण्यात प्रेयसी केली तिची."

"मग माझ्यावरचं कुठलं?" विचारून बसले.

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि दाराकडे वळला.

एकही नाही! एवढी गाणी लिहिली मेल्यानं, आणि माझ्यावर एक ओळसुद्धा नाही.